तुटक्या टोकाचा तीन

"सदर वाहनाच्या चौकटीवरील क्रमांक अर्जदाराने अलीकडेच, घरगुती साधनांनी, स्वहस्ते कोरला असल्याचे तज्ज्ञांच्या अभिप्रायावरून निर्विवादपणे सिद्ध होते."

हे वाक्य आमच्या जिल्ह्याच्या वाहन नोंदणी कचेरीचे. त्याखाली गोल शिक्का आहे आणि शिक्क्याखाली तीस दिवसांची मुदत. तेवढ्यात खुलासा झाला नाही तर गाडी भंगाराच्या आवारात जाईल आणि अर्जदारावर बनावटीचा खटला उभा राहील. अर्जदार म्हणजे माझा थोरला भाऊ तिर्तो, वय एकाहत्तर, साखर कारखान्यातला निवृत्त टर्नर. वाहन म्हणजे आमच्या वडिलांची १९५५ सालची जर्मन मोटरसायकल. तिच्यावरून वडील गावोगाव देवीची लस टोचत फिरले, आणि तिर्तोने ती स्वयंपाकघरामागच्या पडवीत अकरा वर्षे खपून पुन्हा उभी केली.

माझे आयुष्य जुन्या जावानी शिलालेखांवरचे ठसे घेण्यात आणि वाचण्यात गेले. राजाज्ञांतले खोटे मला नवे नाही. हजार वर्षांपूर्वीचे खोटे मात्र पुष्कळ मेहनतीने लिहिलेले असे. कचेरीचे वाक्य आयत्या शब्दांच्या टेकूवर उभे आहे, म्हणून एकेक टेकू काढून पाहू.

"अलीकडेच." चौकटीवर लाल अस्तर चढले त्याला दहा वर्षे झाली. कचेरीच्या आवारात कारकुनाने ठसा घेण्यासाठी ते आमच्यासमोर खरवडले, तेव्हा आकड्यांच्या खाचांतूनही तोच लाल रंग निघाला. म्हणजे खाच आधी आणि रंग नंतर. रंगाखालची खाच रंगाहून अलीकडची कशी असते, हे सिद्ध करणारा ग्रंथ माझ्या वाचनात नाही.

"घरगुती साधनांनी, स्वहस्ते." तिर्तोचा उजवा हात कारखाना सोडल्यापासून थरथरतो. चहाचा पेला तो दोन्ही हातांनी उचलतो. इंजिनला ठिणगी देणाऱ्या मॅग्नेटोच्या पॉइंटमधले अंतर लावायला कोपर बाकावरच्या लोखंडी वाइसला पट्ट्याने बांधून बसावे लागले आणि त्या एका कामात त्याचे तीन दिवस गेले. टाकीवरची सोनेरी रेघसुद्धा मी ओढली, कारण त्याच्या हातून ती नदीसारखी वळली असती. चौकटीवरचे सात आकडे मात्र कवायतीला उभे राहावेत तसे एका ओळीत आहेत.

"तज्ज्ञांच्या." तज्ज्ञ एकच. पाक बारोतो, जुन्या मोटरसायकलींच्या जिल्हा संघटनेचे अध्यक्ष. (आमच्याकडे मानाने पुरुषाच्या नावाआधी पाक, बाईच्या नावाआधी बू आणि भावासारख्याच्या नावाआधी मास लावतात.) वीस वर्षे कचेरी त्यांना विचारते आणि ते कचेरीला सांगतात.

एवढे वजा केल्यावर वाक्यात एकच शब्द उरतो: "कोरला". आणि तो, दुर्दैवाने, खरा आहे.

गाडी पुरी झाली त्या सकाळी तिर्तोने चौथ्या लाथेला इंजिन चालू केले. निळा धूर पडवीभर झाला, कोंबड्या परसात पळाल्या. त्याने मिनिटभर ऐकले, मग इंजिन बंद केले आणि तेलाच्या पालथ्या डब्यावर बसला.

"झालं," तो म्हणाला.

"मग तोंड असं का?"

"अकरा वर्षं झोपताना उद्या काय करायचं ते ठरलेलं असायचं, दिक. आता उद्या काय करू?" धाकट्या भावंडाला आमच्याकडे दिक म्हणतात. मी सहासष्ट वर्षांची आहे.

"उद्या कचेरीत जायचं. बापूंच्या नावावरून तुझ्या नावावर."

"ते एक राहिलंच." त्याने हातावरचे ग्रीस कपड्याला पुसले. "दमलोय गं. ती रांग, ते ठसे. तू चल सोबत."

नोंदणीच्या वेळी कारकून चौकटीवरच्या क्रमांकावर कागद धरतो, वरून पेन्सिल आडवी घासतो आणि उठलेला ठसा कागदपत्रांना जोडतो. क्रमांक जुळला, पण कारकून ठशाकडे बराच वेळ पाहत राहिला. त्याने वरच्या साहेबांना बोलावले, साहेबांनी तज्ज्ञांना. पाक बारोतो आले, वाकले, आकड्यांवरून अंगठा फिरवला आणि तिर्तोकडे न पाहता म्हणाले, "अरेरे. मास तिर्तो, हे काय करून बसलात?"

आठवड्याने ते पत्र आले. दोन दिवसांनी मी वडिलांची लसीकरणाची जुनी वही काढली. वडिलांना कागद टाकवत नसे. १९६३ साली गाडी घेताना काढलेला ठसा त्यांनी शेवटच्या पानावर खळीने चिकटवला होता. मी तो आणि कचेरीतला नवा ठसा खिडकीत शेजारी धरले. क्रमांक तोच. जुन्या ठशातला, म्हणजे मूळ जर्मन कारखान्याचा, चार डोक्यावर उघडा, नव्यातला मिटलेला. आणि नव्यातल्या दोन्ही तिनांचे खालचे टोक तुटलेले होते. जुन्या ठशात ते टोक नखासारखे वळलेले होते.

"ही आपली चौकट नाही," मी तिर्तोला सांगितले.

त्याने चष्मा लावला, काढला. "आकडे तेच आहेत ना."

"आकडे आपले आहेत. लोखंड दुसऱ्याचं आहे. कुणीतरी त्याच्यावरचा नंबर घासून आपला ठोकला."

तो पडवीत गेला. गाडीभोवती एक फेरी मारली, सीटवर हात ठेवला, लगेच काढून घेतला.

"मग मी अकरा वर्षं कुणाची गाडी घासत बसलो?"

मी विचारले, "चेसिस कधी घराबाहेर गेली होती?"

"एकदाच. वाकली होती म्हणून. पाक बारोतोंकडे सरळ करायला दिली. चौदा महिने राहिली तिथे. परत आली ती लाल अस्तर मारूनच. मी म्हटलं, बघा, रंगाचाही खर्च सोसला बिचाऱ्यांनी."

"देताना ठसा घेतला होतास?"

तो माझ्याकडे असा पाहू लागला, जणू मी त्याला देवळात चपला घालून जायला सांगितले.

जुन्या गाड्यांच्या या मंडळींतली रीत अशी: चौकट दुसऱ्याच्या दारी जाताना मालकाने क्रमांकाचे दोन ठसे घ्यावेत, दोघांनी दोन्हीवर सह्या कराव्यात, एकेक ठेवावा. रीत शहाणपणाची आहे आणि बरोबरीच्यांत ती पाळलीही जाते. पण पाक बारोतो वडीलधारे, अध्यक्ष, तिर्तोच्या मुलीच्या लग्नात पहिल्या रांगेत बसलेले.

"त्यांच्यासमोर खिशातून पेन्सिल काढू?" तिर्तो म्हणाला. "म्हणजे तोंडावर सांगायचं, की तुमचा भरवसा नाही?"

भीड ही भिकेची बहीण, असे म्हणतात. आमच्या बेटावर ती सगळ्यांची थोरली बहीण आहे. उठून तिला जागा दिल्याशिवाय कुणी बसत नाही.

"सोडून दे, दिक," तो म्हणाला. "गाडी नेऊ देत. मी थकलोय."

"आणि बनावट तू केलीस, हेही राहू दे?"

तो चहा एका हाताने उचलायला गेला आणि सांडला. मी तेवढ्यावर निर्णय घेतला आणि कचेरीकडे खुलाशासाठी सुनावणी मागितली.

शिलालेखात नाव नसले तरी कोरणारा छिन्नीवरून ओळखू येतो. एका छिन्नीची कड उडाली की ती ज्या ज्या दगडाला लागली तिथे तीच खोड उमटते. लोखंडावर ठोकायच्या आकड्यांचे पंच म्हणजे छिन्न्याच. पाक बारोतोंच्या साच्यावर कुणाकुणाच्या चौकटी सरळ झाल्या, ते तिर्तोला पाठ होते. तो मान होता, लोक मिरवत. नऊ घरे निघाली. नाजूक कागद, मऊ पेन्सिल आणि साठीनंतर मिळालेले माझे गुडघे घेऊन मी नऊही घरी गेले.

नऊंपैकी एकही गाडी पुरी झालेली नव्हती. कुठे ताडपत्रीखाली, कुठे पलंगाखाली, कुठे तांदळाच्या पिंपात स्पोक. पाक गुनार्सोंच्या घरी गाडीच्या सीटवर कोंबडी अंडी उबवत होती.

"उठवू नका तिला," त्यांची बायको म्हणाली. "या घरात वेळेवर काम पुरं करणारी ती एकटीच आहे."

"ईदेपर्यंत होईल, बू मुर्ती," पाक गुनार्सो मला म्हणाले. "फक्त कार्ब्युरेटर राहिलाय."

"कुठल्या ईदेपर्यंत ते विचारू नका," बायको म्हणाली. "मी नवी नवरी होते तेव्हापासून कार्ब्युरेटरच राहिलाय."

मी लाल अस्तर नखाएवढे खरवडले. पाक गुनार्सो अस्वस्थ झाले. "रंग कशाला दुखवता? पाक बारोतोंनी स्वतः मारलाय." मी कागद धरला, पेन्सिल घासली. तीन उमटला, खालचे टोक तुटलेले.

नऊपैकी सहा क्रमांकांत तीन होता, आणि त्या सहांपैकी पाचांत तो असाच निघाला. पाचही मालकांनी ठसा पाहिला आणि आधी पंख्याकडे, मग जमिनीकडे बघितले. "एवढ्या मोठ्या माणसाला कसं विचारायचं?" पाचांनी वेगवेगळ्या शब्दांत हेच म्हटले. त्यांच्या बायकांनी मात्र सुनावणीची तारीख विचारून घेतली.

सुनावणीआधी मी पाक बारोतोंच्या ओसरीवर गेले. शिष्टाचार म्हणून. त्यांनी मला मानाची खुर्ची दिली, जाईचा चहा मागवला. मी टिपॉयवर सात ठसे मांडले: वडिलांचा एक, तिर्तोच्या चौकटीचा एक, बाकीचे पाच.

"बू मुर्ती, तुम्ही दगडवाल्या," ते हसून म्हणाले. "लोखंडाचं वेगळं असतं."

"म्हणून तर शिकायला आले. तुमचा तीनचा पंच घटकाभर देता? ठसा घेते आणि परत करते."

"तो संच हरवला. बरीच वर्षं झाली."

"कधी हरवला म्हणायचा? या पाचांच्या आधी की नंतर?"

त्यांनी माझा पेला थोडा पुढे सरकवला. "चहा गार होतोय. एक सांगू? तिर्तोला मी सांभाळून घेतो. साहेब माझं ऐकतात. दंडावर मिटेल."

"तुम्ही केलेल्याचा दंड त्याने भरायचा?"

"वयाने मोठा आहे मी तुमच्याहून," ते म्हणाले. पहिल्यांदाच त्यांच्या आवाजातला मध आटला. "एवढी तरी भीड ठेवा."

मी ठसे एकेक करून गोळा केले. चहा प्याले नाही. आमच्याकडे याचा अर्थ सगळ्यांना कळतो.

सुनावणीच्या दिवशी पाच बायका पाच चौकटी घेऊन आल्या. तीन सायकलरिक्षांत, एक उसाच्या ट्रॅक्टरवर, आणि बू गुनार्सो आपली चौकट जावयाच्या खांद्यावर देऊन चालत. नवरे मागून, हात बांधून. साहेबांनी पाक बारोतोंसाठी तज्ज्ञाची खुर्ची मांडली होती. ते तिच्यात बसले. कारकुनाने सगळ्यांसमोर सहा नवे ठसे घेतले, वडिलांच्या वहीतल्या ठशाखाली ओळीने लावले आणि कुणी न सांगता भिंग शोधायला गेला.

बू गुनार्सोंनी विचारले, "पाक, आता तुम्हीच सांगा. तज्ज्ञ आहात ना?"

पाक बारोतोंनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

तेव्हा तिर्तो बोलला. ती नऊ घरे सांगितल्यापासून त्याने या विषयावर अवाक्षर काढले नव्हते. "बापूंची चेसिस कुठाय, पाक?"

"समुद्रापलीकडे गेली," पाक बारोतो म्हणाले. "परदेशी संग्राहक होता. कुठे असेल, मलाही ठाऊक नाही."

"बरं," तिर्तो म्हणाला. आणि खाली बसला. मी त्याच्याकडून एका शिवीची अपेक्षा करीत होते; मला तिची गरज होती. त्याच्यापाशी तेवढे उरले नव्हते.

कचेरीने पत्र मागे घेतले. माफी मागितली नाही. कचेऱ्या माफी मागत नाहीत, जावक क्रमांक बदलतात. गाडी तिर्तोला परत मिळाली, "चौकट बदललेले वाहन" अशी नवी नोंद होऊन. वडिलांचे नाव त्या नोंदीत कुठेच नाही. ती आता पडवीत उभी आहे. रविवारी तो ती एकदा चालू करतो, मिनिटभर ऐकतो, बंद करतो. कारखान्याच्या वाटेवर एक फेरी मार, असे मी सुचवले. "कुणाची आहे कुणास ठाऊक," तो म्हणाला. "विचारल्याशिवाय कशी न्यायची?"

पाक बारोतोंनी मुद्रांक लावलेल्या कागदावर स्वहस्ते जबाब लिहून दिला. त्याची नक्कल मी वडिलांच्या वहीत, जुन्या ठशाशेजारी चिकटवली आहे. खाली ती अक्षरशः देते.

"चौकटी मी विकल्या आणि जागी भंगारातल्या दिल्या. नंबर मीच ठोकले. तीनचा पंच जुना होता, नवा घ्यायला हवा होता. कुणाला फसवायचं असं मनात नव्हतं. गाडी पुरी होऊन कचेरीत आली तरच चेसिस बघितली जाते, आणि आमच्यात गाडी कुणीच पुरी करत नाही. मी स्वतःसुद्धा केलेली नाही. मास तिर्तोचा हात तर थरथरायचा. तो पुरी करील असं मला कधीच वाटलं नव्हतं."