ओदिलची पाकळी

चौकटवाला गॅदार धापा टाकत आमच्या माडीवर आला, खांद्यावर चौकट, काखेत काच. चित्र उद्या प्रदर्शनाला जायचं होतं. खसखशीची लाल फुलं, पांढऱ्या डेझी, भोवती नुसता निळा धूर आणि खाली टेबलाचा पत्ता नाही.

"मालक, फुलदाणी कशावर ठेवलीय?"

"स्वप्नात," खिडकीशी पाठमोरा बसलेला माझा नवरा आन्सेल्म म्हणाला.

"मग फुटायची भीती नाही."

मला हसू आलं नाही. माझा डोळा कोपऱ्यातल्या निळ्या पाकळीवर होता. ती आन्सेल्मची नव्हती, आमच्या छोट्या लेकीची, ओदिलची होती. वसंतातल्या एका संध्याकाळी तिचा निळा अंगठा मीच धुतला होता. "कुणाला सांगू नकोस," तिनं बजावलं, म्हणून मी गप्प राहिले. हिवाळ्यात घटसर्पानं तिला नेलं. तेव्हापासून आन्सेल्मनं तिचं नावही घेतलं नव्हतं. माणूस आहे की दगड, असं मला रोज वाटायचं.

गॅदारनं चित्र उभं धरलं आणि मागून ठोकायला बोटं वळवली. खडूचं चित्र म्हणजे भुकटीच. ती धरून ठेवायला वरून राळ फवारली तर रंग मरतो म्हणून आन्सेल्म ती लावू देत नसे. मग काच बसवण्याआधी मागून ठोकून सुटी भुकटी पाडायची, हा नेहमीचा रिवाज. आज मात्र भुकटीबरोबर ती पाकळीही झडली असती.

"थांबा." मी त्याचं मनगट धरलं. "आज ठोकू नका."

"मादाम, आत्ता नाही ठोकलं तर उद्या काच माखेल. लोक म्हणतील, गॅदार म्हातारा झाला."

"म्हणू देत."

"पण तुमचं काय जातंय?"

मी मनगट आणखी घट्ट धरलं.

"हात सोड, बर्थ," आन्सेल्म म्हणाला.

"ती कोपऱ्यातली पाकळी तू काढलेली नाहीस," मी ओरडलेच.

"माहीत आहे. तिचा अंगठा मीच धरून दाबला होता. घट्ट बसलाय." त्यानं मान वळवली नाही. "ठोक, गॅदार."

मी मनगट सोडलं आणि डोळे मिटले. टक, टक, टक.

डोळे उघडले तेव्हा गॅदारच्या बुटांवर निळी भुकटी पडली होती. पाकळी फिकी झाली होती, आणि तिच्यात इवल्या अंगठ्याच्या बारीक वळणदार रेषा स्पष्ट दिसत होत्या. आधी त्या कधीच दिसल्या नव्हत्या.

आन्सेल्म उठून चित्राशी आला, वाकला.

"ओदिल," तो म्हणाला.

काच लावायला सांगण्यासाठी त्यानं तोंड उघडलं, पण आवाज निघेना. म्हणून ते मीच सांगितलं.