एकोणचाळीस खाड्या

मी एक जुना माउस आहे, मित्रांनो. संगणकाचा माउस. कुणी कुणी मला लाडाने उंदीर म्हणतं, ते मला मुळीच खपत नाही. उंदीर कुरतडतो, नासधूस करतो. मी आयुष्यात कागदाचा कपटासुद्धा कुरतडला नाही. तरीही माझ्या पोटाखाली एक नुकसान झालं, आणि ते भरून आलं नाही. तेच आज तुम्हाला सांगणार आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पांढरी टोपी घातलेल्या एका बाईने माझ्या पाठीवर झाकण बसवलं, अंगठ्याने दाबून टक् आवाज ऐकला आणि मला पुढे ढकललं. पोटाशी लाल दिवा, पाठीवर दोन बटणं, मध्ये एक चाक आणि मागे वावभर वायर, एवढाच माझा संसार. संगणकाच्या पडद्यावर जो बाण फिरतो, तो माझा डोळा. हात मला सरकवतो, मी बाणाला सरकवतो, आणि बाण जाईल तिथलं मला दिसतं.

दुकानातून मला एका मुलीने घरी आणलं. घरात ती, तिची आई आणि बाबा, अशी तीन माणसं. बाबा तिला घाईबाई म्हणत, आणि ते नाव तिने स्वतःच्या कर्तृत्वाने मिळवलं होतं. जेवताना तिचा एक पाय चपलेत असायचा. आंघोळ केली की नाही, हे केस ओले दिसले तरच कळायचं. पण कामात ती वाघीण होती. व्हिडिओ गेम बनवणाऱ्या एका लहानशा कंपनीसाठी ती घरी बसून जमीन घडवायची.

जमीन घडवायची म्हणजे काय, ते सांगतो. गेम खेळताना तुम्ही ज्या डोंगरावर धापा टाकत चढता, तो आधी कुणीतरी बसून उभा केलेला असतो. त्यासाठी मॅप एडिटर नावाचा प्रोग्राम असतो. सुरुवातीला पडद्यावर नुसती करडी सपाट चादर दिसते. एक गोल ब्रश घ्यायचा आणि माझं डावं बटण दाबून धरायचं. मग पांघरुणाखाली मांजर उठून बसावं तशी तिथली जमीन वर येते. दुसऱ्या ब्रशने ती खाली बसते. तिसरा ब्रश फिरवला की उंचसखल असेल ते सगळं गुळगुळीत होतं. पाच वर्षं मी घाईबाईच्या हाताखाली डोंगर उचलले, दऱ्या खणल्या. माझ्या पाठीवरची अक्षरं झिजून गेली. 'माझा हा जुना गडी सगळ्यांत भारी,' असं ती मैत्रिणींना सांगायची, आणि मी फुगून जायचो.

मग बिनतारी माउस आला. गरज सरो, वैद्य मरो. मी टेबलाच्या खणात गेलो, सुकलेली पेनं आणि संपलेल्या बॅटऱ्या यांच्या शेजारी. दोन वर्षं मी तिथे अंधार मोजत होतो.

मला बाहेर काढलं ते बाबांच्या आजारपणाने. बाबा नकाशांच्या कचेरीत चौतीस वर्षं ड्राफ्ट्समन होते. शाईच्या पेनाने डोंगरांच्या उंचीच्या रेघा काढायचे, किनारे काढायचे. त्यांची रेघ बघायला साहेब स्वतः टेबलाशी येऊन उभे राहत. निवृत्त झाले आणि वर्षभरातच त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, वाचाही परत आली, पण उजवा हात थरथरायला लागला. एकदा त्यांनी पेन हातात घेतलं, तर निब कागद फाडून गेली. त्यांनी पेन आईकडे दिलं आणि म्हणाले, "हे उचलून ठेव. मला दिसेल असं ठेवू नकोस."

व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं, "काका, हाताला कामाला लावा. आवडीचं काम द्या त्याला, नाहीतर तो रुसून बसेल."

घाईबाईने खण उघडला. बिनतारी माउस बाबांच्या हातातून निसटून जमिनीवर पडायचा. मी जड, शिवाय वायरवाला. पडलो तरी टेबलाला लोंबकळत राहणार.

"बाबा, मला एक बेट हवंय," ती म्हणाली. "उष्ण समुद्रातलं. मधोमध डोंगर, कडेने माड, पांढरी वाळू. कंपनीसाठी नाही, आपल्या घरासाठी."

"अगं, मी जन्मभर असलेली जमीन कागदावर उतरवली. नसलेली कशी काढू?"

"देवाने नाही का काढली?"

"आधी चहा घ्या," आई आतून म्हणाली, "मग देव व्हा."

पहिल्या दिवशी बाबांचा तळवा माझ्या पाठीवर आला तेव्हा मीच दचकलो. काठोकाठ भरलेला पेला नेताना हात कापतो ना, तसा तो सारखा कापत होता. मीही कापलो, बाण कापला, आणि समुद्राच्या कडेला जमिनीची जी रेघ उमटली ती वेडीवाकडी, दातेरी. बाबांनी ती पाहिली आणि खेकसले, "हा किनारा आहे की उंदराने कुरतडलेला कागद!" घाईबाई दारात उभी होती. तिने ते ऐकलं आणि मनात ठेवलं. नंतर ती कामाला लागली. बाबांच्या सकाळच्या वेळी ती त्या खोलीत फिरकायची नाही, त्यांना संकोच वाटू नये म्हणून.

त्यामुळे पुढचं तिने पाहिलंच नाही. ते मी पाहिलं आणि आईने पाहिलं. बाबांनी बेटाच्या मधोमध डोंगर उभा केला, त्यावरून एक नदी खाली आणली. बेटाभोवती पाण्याखाली प्रवाळाची भिंत घातली आणि नदीच्या मुखासमोर ती तोडली. शेजारी मटार सोलत बसलेल्या आईला ते समजावून सांगायचे, "गोडं पाणी जिथे समुद्रात येतं, तिथे प्रवाळ धरत नाही. भिंतीला आपोआप दार राहतं. होड्या त्या दारातून आत येतात." तळ उतरता केला, म्हणून किनाऱ्याजवळचं पाणी पोपटी दिसायला लागलं आणि लांबचं गडद निळं.

किनारा मात्र रोज थोडा थोडा. रोज सकाळी एक पट्टा. हात थरथरायचा आणि प्रत्येक थरथरीत जमीन आत वळायची, बाहेर यायची, एखादी लहानशी खाडी तयार व्हायची. एके दिवशी बाबांनी माझं चाक फिरवून सगळं बेट लांबून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"अगं, इकडे ये. चौतीस वर्षं मी किनारे गुळगुळीत काढले, कारण पेन तसं चालायचं. खरा किनारा असा असतो. लाटा काय पट्टी घेऊन येतात? हा हात गेला खरा, पण जाता जाता मला किनारा शिकवून गेला."

आईने मटाराची वाटी बाजूला ठेवली आणि पदराने डोळे पुसले.

त्या दिवसापासून बाबा खाड्या मोजू लागले. खाडी झाली की तिच्या तोंडाशी एक माड लावायचे आणि मोठ्याने आकडा सांगायचे. पंधरा, सोळा, सतरा. "घाईबाईला सांगू नकोस हं," ते आईला बजावत. "पुरी फेरी झाली की तिला गेममधल्या होडीत बसवतो आणि एकेक खाडी दाखवतो." मित्रांनो, ते माझे सोन्याचे दिवस होते. वेगाने धावणं मला पाठ होतं, पण हळू चालण्यातलं सुख मला बाबांच्या हाताने दिलं.

एकोणचाळीस खाड्या झाल्या. तेवढ्यात रविवार आला. दुपारी आई बाबांना व्यायामाच्या बाईंकडे घेऊन गेली होती. घाईबाईला बऱ्याच दिवसांनी फुरसत मिळाली. बेट कसं झालंय बघू, म्हणून तिने फाईल उघडली. किनारा पाहिला आणि तिचा चेहराच उतरला.

"बिचारे बाबा," ती पुटपुटली. "रोज हे बघून किती वाईट वाटत असेल त्यांना."

तिने तिसरा ब्रश घेतला. त्याचा आकार सगळ्यांत मोठा केला. मित्रांनो, माझं काम सरकण्याचं आहे, अडून बसण्याचं बटण मला कुणी दिलेलं नाही. ती मला किनाऱ्यावरून फिरवत गेली आणि माझ्या पोटाखाली एकेक खाडी बुजत गेली. विसावी बुजली, एकविसावी बुजली. शेवटी सगळे माड तिने एका ओळीत उभे केले, फाईल जतन केली आणि प्रोग्राम बंद केला. ती खुशीत होती, गुणगुणत होती. जगातल्या कुठल्याही मुलीने बापासाठी इतक्या मायेने काही केलं नसेल, आणि म्हणूनच मला तिचा राग येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा टेबलाशी बसले. ती मुद्दाम मागे उभी राहिली. बेट उघडलं. बाबांचा हात माझ्यावर होता, तो एकदम गार पडला.

"आवडलं, बाबा? सगळं सरळ करून टाकलं."

"छान झालंय," बाबा म्हणाले. "तुझा हात फार चांगला आहे गं."

त्यांनी उजवा हात माझ्यावरून उचलला, मांडीवर ठेवला आणि डाव्या हाताने झाकून घेतला. त्यानंतर आठ दिवस ते टेबलाकडे आले नाहीत. आज मान दुखते, आज डोळे चुरचुरतात. शेवटी आईला राहवलं नाही. तिने लेकीला हाताला धरून याच खोलीत आणलं.

"त्यांच्या खाड्या बुजवल्यास तू."

"कसल्या खाड्या?"

"रोज मोजायचे. एकोणचाळीस झाल्या होत्या. तुला होडीतून दाखवणार होते."

घाईबाई धावत बाबांना घेऊन आली, त्यांना खुर्चीत बसवलं आणि त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. "बाबा, मला वाटलं तुम्हाला त्या किनाऱ्याची लाज वाटते."

"मला वाटलं तुला वाटते," बाबा म्हणाले.

"मग बोलला का नाहीत?"

"तू किती खूश होतीस."

ती ढसाढसा रडली. जुनी प्रत कुठे राहिली आहे का, म्हणून तिने सगळा संगणक पालथा घातला. प्रत नव्हती. तिने त्याच फाईलवर जतन केलं होतं.

"रडतेस काय, वेडे?" बाबा म्हणाले. "हात आहे ना अजून? उद्या सकाळी दोघं बसू. चाळिसावीपासून सुरू करू."

त्या 'उद्या'च्या सकाळी दारात रुग्णवाहिका उभी होती. दुसरा झटका आला होता.

तीन आठवड्यांनी बाबा चाकाच्या खुर्चीतून घरी आले. वाचा गेली होती. उजवा हात आता थरथरत नव्हता, कारण तो हलतच नव्हता. घाईबाईने लांब रजा टाकली. एका सकाळी तिने खुर्ची टेबलाशी आणली, बेट उघडलं आणि मला बाबांच्या तळव्याखाली ठेवलं. वरून स्वतःचा हात ठेवला.

"चाळिसावी, बाबा."

तिने हात सरकवला. रेघ उमटली, सुतासारखी सरळ. मग तिने मुद्दाम हात थरथरवून पाहिला. करवतीच्या दात्यांसारखे एकसारखे दाते उमटले. खरी थरथर कशी असते ते मला ठाऊक आहे, मित्रांनो. ही ती नव्हती, आणि ते बाबांनाही कळलं. त्यांचा डावा हात हळूहळू कीबोर्डवर आला. दोन बोटांनी त्यांनी दोन कळा दाबल्या. शेवटचं केलेलं त्या कळांनी मागे घेता येतं. दाते पुसले गेले, किनारा पुन्हा गुळगुळीत झाला. तिने परत केलं. बाबांनी परत पुसलं. मग तिने त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं, आणि बराच वेळ मी त्या निश्चल तळव्याखाली बसून राहिलो.

महिन्याभराने बाबा गेले.

बेट अजून संगणकात आहे. कुणी उघडत नाही. मला मात्र परत खणात टाकलेलं नाही. घाईबाई रोज माझ्यावरची धूळ पुसते, क्षणभर माझ्यावर हात ठेवते आणि कामाला लागते.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. माउस काय, दुकानात ढिगाने मिळतात. मागणं एवढंच आहे. आपल्या माणसाचं वाकडंतिकडं काम मायेने सरळ करायला निघालात, तर आधी त्याच्याजवळ बसा आणि हे असं का, एवढं विचारा. तो सांगेल. बाबांना तर सांगायचंच होतं.