राखीव नाव

शकुंतलाबाईंनी एका बोटाने संगणकाच्या कळा शोधत ‘सिंधू’ हे नाव इंग्रजी मोठ्या अक्षरांत टंकलं, पुढे सतरा आकडा दिला आणि हात पदराला पुसला. मशीनने चूक दाखवली. त्यांनी पुन्हा तेच टंकलं. मशीनने पुन्हा चूक दाखवली, तितक्याच थंडपणे.

साकोलीच्या शाळेत संगणक येऊन महिनाही झाला नव्हता. नागपूरला जाऊन शिकून आलेले पुंडलिकराव सर शकुंतलाबाईंना आणि बाकीच्या शिक्षकांना शिकवत होते. आकडा ठेवायला एक डबा करायचा आणि त्याला हवं ते नाव द्यायचं, एवढंच त्यांनी सांगितलं होतं. हवं ते नाव! लग्न झाल्यापासून शकुंतलाबाईंना असं कुणी म्हटलं नव्हतं. माहेरी त्या सिंधू होत्या, हजेरीत सतराव्या. नेमकं सासूबाईंचं नावही सिंधू निघालं. सुनेला हाक मारायची तर मोठ्या बाईचं नाव घरभर होणार, ते कसं चालावं? म्हणून सासरी आल्या आल्या ताटातल्या तांदळांवर अंगठीने ‘शकुंतला’ लिहिलं गेलं आणि सगळ्यांची सोय झाली. गैरसोय एकीचीच झाली, पण नव्या नवरीला विचारतो कोण?

सर खुर्ची ओढून शेजारी बसले. मशीनचे काही शब्द त्याच्या पोटातच असतात, त्यांनी समजावलं. इंग्रजीतल्या सिंधूची पहिली तीन अक्षरं, एस-आय-एन, म्हणजे त्रिकोणमितीतलं ‘साइन’. ती दिसली की मशीनला वाटतं, हे आपलंच, आणि उरलेल्या शेपटाचं काय करावं ते त्याला कळत नाही.

“म्हणजे इथंबी ते नाव आधीच कोणाचं तरी हाय,” शकुंतलाबाई म्हणाल्या.

“लहान अक्षरांत लिहून पाहा. त्याचे सारे शब्द मोठ्या अक्षरांतले हायेत.”

त्यांनी लहान अक्षरांत लिहिलं. मग सिंधूमध्ये काय आहे ते विचारलं. पडद्यावर सतरा उमटलं. काही कारण नसताना त्यांनी ते आणखी दोनदा विचारलं. त्यांना फार बरं वाटलं.

बाजाराच्या दिवशी सासूबाई भाजीची थैली घेऊन शाळेत डोकावल्या. मशीन पाहायची त्यांना भारी हौस होती. सरांनी कौतुकाने पडदा दाखवला आणि वाचूनही दाखवलं, की सूनबाईंनी डब्याला सिंधू नाव दिलंय.

“माहं नाव?” सासूबाईंनी विचारलं.

हो म्हटलं असतं तर सगळं निभावलं असतं.

“नाही आत्याबाई. माहं. माहेरचं.”

सासूबाई पडद्याजवळ वाकल्या. वाचता येत नसूनही त्यांनी ती अक्षरं नीट पाहिली. एवढी बारकी काहून लिहिली, त्यांनी विचारलं. मोठी लिहिली तर मशीन अडवतं, ती त्याने स्वतःसाठी राखून ठेवलीत, असं शकुंतलाबाईंनी सांगितलं.

“मंग ते वापरते का त्यायले?”

“तसं गणित आलं तर वापरते.”

परतीच्या एस.टी.त सासूबाई आधी चढल्या, खिडकीची जागा धरली आणि शेजारी थैली ठेवली. शकुंतलाबाई दारातच गर्दीत अडकल्या होत्या. ओरडा बसणार तो आता घरी, असं त्यांच्या मनात चाललं होतं.

“सिंधू, इकडं ये. जागा धरून राहिली मी.”

हाक आपल्याला आहे हे शकुंतलाबाईंना पटकन कळलंच नाही. कळल्यावर त्या थैली मांडीवर घेऊन बसल्या.

“तुया सासऱ्यानं जलमभर ‘अवो’ म्हटलं,” सासूबाई खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या. “बाकीच्यायनं इश्वरची माय. किती वर्सानं आयकलं मी ते नाव.”