कोमट काच

दुर्बिणीचे आरसे घासून सपाट करणं हा माझा धंदा. चाळीस वर्षं शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला एकच गोष्ट ओरडून सांगत आलोय. घासताना काच तापते, तापली की फुगते. रात्रभर निवू द्या, मगच तपासा. घारीलाही मीच शिकवलं. घारी म्हणजे माझी मुलगी. डोळे घारे म्हणून नाव पडलं ते पडलंच. आता ती लांब डोंगरावरच्या वेधशाळेत असते. हजार वर्षांपूर्वी निघालेल्या उजेडाची वाट बघत बसायला तिला वेळ आहे, बापाकडे यायला नाही. तीन वर्षं झाली, तोंड दाखवलेलं नाही.

या खेपेला तिच्याच वेधशाळेचा आरसा माझ्याकडे आला. "तयार झाला की कळवा, न्यायला मीच येते," म्हणाली. मग काय, माझे हात थांबेनात.

मंगळवारी दुपारी घासणं संपलं आणि तासाभरातच, काच कोमट असतानाच, तिच्यावर कसोटीची, अचूक सपाट काच ठेवून मी पिवळा दिवा लावला. दोन काचांवरून परतणाऱ्या प्रकाशाच्या लाटा एकमेकींत मिसळल्या की काळे पट्टे दिसतात. पट्टे सरळ, तर आरसा सपाट. अगदी पट्टीने आखल्यासारखे सरळ होते. लगेच फोन केला.

"घारे, झाला!"

"शनिवारी निघते," ती म्हणाली. तिच्या आईने त्याच संध्याकाळी खोली झाडून काढली.

बुधवारी सकाळी सहज पुन्हा पाहिलं, तर पट्टे वाकलेले. निवल्यावर काच मधोमध खाली बसली होती. किती? प्रकाशाच्या एका लाटेच्या पाव हिश्श्याएवढी. बोट फिरवून कुणाला कळलं नसतं, पण तिच्या ताऱ्यांना कळलं असतं. असा खड्डा भरता येत नाही, भोवतालची सगळी काच खाली आणावी लागते. महिन्याभराचं काम.

गप्प बसलो असतो तर रविवारी पोरगी दारात असती. खोटं कशाला बोलू, दुपारपर्यंत गप्पच बसलो होतो. मग मन घट्ट करून फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं.

"कोमट असताना पाहिलंत? तुम्ही?" ती हसायलाच लागली.

"हो, मीच. म्हातारा झालो. आता महिनाभर थांब."

"बरं झालं, बाबा. मलाही शनिवारी जमत नव्हतं, तुम्हाला कसं सांगू कळत नव्हतं. झाला की ट्रकनेच पाठवा ना, नीट बांधून."

'मग तू कधी येशील?' हे अगदी ओठांवर आलं होतं. उत्तराची भीती वाटली, म्हणून आरसा कसा बांधायचा तेच विचारत राहिलो.