ब्लेसीची धार

१९४५च्या त्या एप्रिलमध्ये, जर्मनी युद्ध हरत आली असताना, आमच्या बव्हेरियातल्या विमानतळावर विमानं होती, पण इंधन नव्हतं. जे थोडं उरलं होतं ते आकाशातच जाळायचं, जमिनीवर थेंबही नाही, असा हुकूम होता. म्हणून झाडीत लपवलेलं जेट धावपट्टीपर्यंत ओढायला माझी गाय ब्लेसी. जगातलं सगळ्यात वेगवान लढाऊ विमान आणि त्याच्यापुढे ही बया, रवंथ करत.

सकाळी मेजर म्हणाला, "धावपट्टीवर न्या." नेलं. तेवढ्यात कर्नलचा फोन आला, "परत झाडीत." परत आणलं. हे दोघे एकमेकांशी का बोलत नव्हते, देव जाणे. दुपारी मेजरने पुन्हा धावपट्टी सांगितली.

"मावशी, आता ब्लेसीलाच विचारा कुठं जायचं ते," मेकॅनिक ओट्टोकार म्हणाला. "इथं अक्कल तिलाच तेवढी."

वैमानिक गेर्विन शेजारून चालत होता. जेमतेम विशीचा. त्याच्या दोन सोबत्यांना मीच असं धावपट्टीवर पोचवलं होतं, आणि दोघंही गेले. उतरताना ही विमानं मंदावतात आणि अमेरिकन नेमके तेव्हाच टपून असतात. गेर्विनला पोचवणं माझ्या जिवावर आलं होतं.

झाडी संपायच्या आतच मी ब्लेसीला थांबवलं आणि बादली घेऊन धार काढायला बसले.

"आत्ता?" गेर्विन ओरडला. "अहो मावशी, हुकूम आहे!"

"आचळं तटतटलीत तिची. तिला नाही कळत हुकूम."

"धार संध्याकाळी काढता ना तुम्ही?"

"तू वैमानिक आहेस की गवळी?"

ओट्टोकारने तोंड फिरवून हसू दाबलं. मी सावकाश धार काढत राहिले.

बादली अर्धी भरली असेल, तोच कार्यालयातला शिपाई सायकलवरून धापा टाकत आला. कर्नलचा फोन होता. अमेरिकन रणगाडे जवळ आलेत, विमान त्यांच्या हाती लागता कामा नये, सुरुंग लावा.

गेर्विन आडवा उभा राहिला. "मेजरना विचारा आधी!" शिपाई कार्यालयात जाऊन आला, पण मेजरचा फोन कुणी उचलेना. ओट्टोकारने ब्लेसीला सोडवलं, आम्हाला लांब पिटाळलं आणि वात पेटवली. विमान जळताना गेर्विन लहान मुलासारखा रडला. मी मात्र मनातून खूश होते. पोरगा वाचला.

मग मेजर मोटारीतून आला. "विमान कुठाय?"

ओट्टोकारने धुराकडे बोट दाखवलं. "कर्नलसाहेबांचा हुकूम होता."

"कर्नलला कालच पदावरून काढलंय!"

"त्यांना कळवलंत का पण, साहेब?"

मेजरने मोटारीतून एक बंदूक काढली आणि गेर्विनच्या हातात कोंबली. "विमान नाही तर पायदळात. पुलावर जा. रणगाडे अडवायचेत."

गेर्विनने बंदूक उलटसुलट करून पाहिली. "मावशी, ही भरतात कशी?"

"मला काय ठाऊक, बाळा?"

ओट्टोकारने दाखवलं. त्यालाही नीट येत नव्हतं. मी बादली पुढे केली. "पिऊन तरी जा." तो घटाघटा प्यायला, बाहीने तोंड पुसलं, माझ्याकडे न बघता पुलाच्या वाटेला लागला.

ऊन कलायच्या आत पुलाकडून तोफा ऐकू यायला लागल्या. ओट्टोकार म्हणाला, "घरी जा, मावशी." मी ब्लेसीचं दावं धरून तिथेच उभी राहिले. त्या विमानात असता तर त्याला निदान पळता तरी आलं असतं.