भिंतीवरचा पूर

नागनाथ चित्रकलेचा मास्तर होता आणि खरं बोलायची खोड त्याला जन्मापासूनची होती. लोकांच्या लग्नात जाऊन तो पत्रिकेतल्या चुका दाखवत असे. त्यामुळे सुरतेत त्याला जेवायची आमंत्रणं जरा बेतानंच यायची.

अडुसष्ट साली तापी घरात शिरली. नागनाथ, बायको शकुंतला आणि आई सोनाबाई दोन दिवस वरच्या मजल्यावर मगनभाईंकडे बसून राहिले. पाणी ओसरल्यावर सोनाबाईनं ट्रंक वाळवली, भरली, दोरीनं करकचून बांधली आणि जाहीर केलं की मी अमळनेरला चालले, या बुडक्या गावात आता राहायचं नाही. अमळनेरच्या घरात आता कुणीसुद्धा उरलं नव्हतं. साठी उलटलेली आई तिथे एकटी कशी राहणार, हे नागनाथला पटेना. त्यानं परोपरीनं समजावलं, पण म्हातारी ऐकेना.

घरभर चिखल होता, पण भिंतीवरचं चित्र बचावलं होतं. पाणी चौकटीच्या चार बोटं खाली येऊन थांबलं होतं. अठराव्या शतकातल्या कुणा इटालियन चित्रकारानं रंगवलेल्या शहराची ती छापील प्रत. चिखल उपसायला आलेले मगनभाई ते पाहून हळहळले, "अरेरे, त्यां पण रेल आवी?" सुरतेत पुराला रेल म्हणतात; चित्रातल्या गावातही पूर आला की काय, असं ते विचारत होते.

ते ऐकून सोनाबाई चित्र टांगल्यापासूनच्या आठ वर्षांत पहिल्यांदाच त्या चित्रापुढे नीट उभी राहिली. महालांच्या पायऱ्या पाण्यात, रस्त्यात होड्या आणि खिडकीत एक बाई कोपर टेकून निवांत. कुणाच्या डोक्यावर बोचकं नाही, कुणी पळत नाही. तिनं ट्रंकेची दोरी सैल केली. एवढी मोठी माणसं पाण्यात टिकून आहेत, तर आपल्यालाच काय धाड भरलीय, असं ती सुनेला म्हणाली.

आता नागनाथनं फक्त गप्प बसायचं होतं. शकुंतलानं डोळे वटारून तेच सांगितलं. त्यानं ओठ आवळले, दोनदा खोकला, ओट्यावर जाऊन आला. शेवटी त्याला राहवलं नाही.

"माय, हा पूर नाही. असं शहरच कुठे नाही. देऊळ एका गावचं, महाल दुसऱ्या गावचे, आणि हा पूल तर कुणी बांधलाच नाही. चित्रकारानं सगळं मनानं जुळवलंय."

शकुंतलानं कपाळाला हात लावला. सोनाबाईचा हात पुन्हा दोरीवर गेला. नागनाथला स्वतःची जीभ हासडून टाकावीशी वाटली.

"पानी घालाले त्याले कोनी सांगितलं?" सोनाबाईनं विचारलं.

"कुणीच नाही. त्याचं त्यानंच घातलं."

ती चित्राच्या आणखी जवळ गेली. मग म्हणाली, "मनासारखं गाव काढाले बसला, तरी पानी उंबऱ्यापर्यंत आनलंच. बिनपान्याचं गाव त्याच्या मनातबी आलं नाही. मग मी कुठं हुडकू?"

तिनं ट्रंक उघडून लुगडी बाहेर काढली, खुंटीवर टाकली आणि नागनाथला हातोडी आणायला सांगितलं.

"ते चित्र हातभर वर ठोक. पुढच्या साली भिजाले नको."