लांब वायरचा फोन

हॉलिवूडमध्ये माणसाला काम नसलं तरी चालतं, पण काम नाही असं दिसलेलं चालत नाही. ऑर्व्हिल डॅनफोर्थनं मूकपटांच्या जमान्यात पडद्यावर जहाजांमागून जहाजं लुटली होती. मग चित्रपट बोलायला लागले आणि ऑर्व्हिलची बोलती बंद झाली. आता या महिन्यात काम मिळालं नाही तर गाशा गुंडाळायचा आणि आयोवाला भावाच्या डुकरांची उस्तवार करायला जायचं, हे ठरून गेलं होतं. डुकरांची त्याला मनापासून भीती वाटे.

तरीही रोज दुपारी तो कडक इस्त्रीचा सूट चढवून व्हाइन स्ट्रीटवरच्या बड्या हॉटेलात सगळ्यात स्वस्त सूप घेऊन बसे. ठरल्याप्रमाणे घरमालकीण मिसेस हॅलोरन फोन करीत. हेडवेटर डॉमेनिको, "मिस्टर डॅनफोर्थ, स्टुडिओचा फोन," असं अख्ख्या हॉटेलाला ऐकवत लांब वायरचा फोन टेबलावर आणून ठेवी. मग ऑर्व्हिल मोठमोठ्या बाता मारी आणि पलीकडून बाई येताना ब्रेड आणायला सांगत. शेजारच्या टेबलावरच्या सायरस फेनविक या दुसऱ्या बेकार नटाला असाच त्याची मेहुणी फोन करी. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून कुणी कुणाची उघडत नसे.

त्या दिवशी मात्र फोनवर पुरुषाचा आवाज आला.

"डॅनफोर्थ ना? स्टुडिओतून वाइसमन बोलतोय. एका म्हाताऱ्या कप्तानाचं काम आहे. कराल?"

बाईंनी आज कुणातरी भाडेकरूला बसवलेलं दिसतंय, ऑर्व्हिलला वाटलं. गडी झकास बोलत होता. त्यालाही चेव चढला.

"म्हातारे कप्तान करायला मी काय रस्त्यावर पडलोय? असले छप्पन्न वाइसमन पाहिलेत. नायकाचं काम असेल तर बोला, नाहीतर ठेवा फोन."

पलीकडच्यानं ठेवला. चार टेबलांवरच्या माना वळल्या. ऑर्व्हिल खूश होऊन सूप पिऊ लागला, तोच डॉमेनिको पुन्हा फोन घेऊन आला.

"उशीर झाला रे बाबा," मिसेस हॅलोरन म्हणाल्या. "गटार तुंबलंय. हं, सुरू कर तुझं."

"मघाशी कुणाला बसवलं होतंत?"

"कुणाला बसवणार? सगळे बादल्या घेऊन उभे आहेत इथे."

म्हणजे मघाचा वाइसमन खराच होता. तेवढ्यात दुसरा फोन शेजारच्या टेबलावर गेला आणि फेनविकचा रुबाबदार आवाज घुमला.

"कप्तान? वाइसमन, तुम्हाला माणसाची पारख नाही."

ऑर्व्हिल खुर्ची पाडूनच उठला आणि त्यानं फेनविकच्या हातातून रिसीव्हर हिसकावला.

"साहेब, मी डॅनफोर्थ. मी करतो."

"तुम्ही तर मला हाकललंत."

"तेव्हा तुम्ही खोटे वाटलात." सगळं हॉटेल ऐकत होतं. त्याला लाज वाटली, पण डुकरं आठवली. "मला काम हवंय, साहेब. फार दिवस झाले."

"उद्या सकाळी या," वाइसमन म्हणाला.

ऑर्व्हिलनं रिसीव्हर अजून कानाशीच धरला होता. फेनविकला एव्हाना सगळं उमगलं होतं. तो आता भांडणार असं ऑर्व्हिलला वाटलं. पण तो खाली वाकून, इतर टेबलांकडे पाठ करून हळूच म्हणाला, "अजून एखादा म्हातारा लागतोय का, विचार ना."

ऑर्व्हिलनं विचारलं.